खासगी पैशातून सार्वजनिक रस्ते, पूल, मेट्रो: काही चालतात, काही कोर्टात जातात. का?

घाटवाट

टोलवरच्या प्रत्येक धाग्यावर दोन गट ठरलेले असतात. एकाचं म्हणणं, सरकारला काही जमत नाही, सगळं खासगीकडे देऊन टाका. दुसऱ्याचं म्हणणं, ठेकेदार आणि पुढारी मिळून खातात, टोल बंद करा. दोनशे प्रतिसाद होतात आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो: खासगी पैशातून उभारलेले काही प्रकल्प सुरळीत चालतात, काही वर्षानुवर्षं न्यायालयात लोळत पडतात, ते कशामुळे?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे झोडपायला सोपं. कंपनी केवढी मोठी, मंत्री कोण, यापेक्षा मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. गाड्या (किंवा प्रवासी) अंदाजापेक्षा कमी आले तर भुर्दंड कोणाला? आणि मध्येच करार मोडायची वेळ आली तर किती रक्कम देऊन मोडायचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलंय का? या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ असतील तर सुमार कंपनीही निभावून नेते. वाकडी असतील तर उत्तम बांधलेला रस्तासुद्धा बुडतो.

उत्तम बांधून बुडालेल्या रस्त्याचं उदाहरण म्हणजे दिल्ली–नोएडा जोडणारा डीएनडी. करार १९९७चा, रस्ता सुरू झाला २००१ साली. यमुनेवरून जाणारा आठपदरी मार्ग, खर्च साधारण ४०८ कोटी. बांधकामाबद्दल फारशी तक्रार कोणाची नव्हती. घोळ होता करारातल्या परताव्याच्या कलमात. कंपनीला एकूण प्रकल्पखर्चावर वर्षाला २० टक्के परतावा द्यायचा, आणि एखाद्या वर्षी तेवढा सुटला नाही तर जी तूट राहील ती प्रकल्पखर्चातच मिळवायची. पुढच्या वर्षीचे २० टक्के त्या फुगलेल्या रकमेवर.

हे वाचताना निरुपद्रवी वाटतं, म्हणून कागदावर मांडून बघा. सोयीसाठी खर्च १०० कोटी धरू. पहिल्या वर्षी मिळायला हवेत २०, रस्ता चालवण्याचा सगळा खर्च जाऊन हातात आले १२. तूट ८, म्हणजे खर्च झाला १०८. दुसऱ्या वर्षी उत्पन्न १० टक्क्यांनी वाढून १३.२ झालं, पण आता हवेत २१.६. तूट ८.४, खर्च ११६.४. उत्पन्न दरवर्षी असंच १० टक्क्यांनी वाढत गेलं, तरी पाचव्या वर्षाअखेर १०० कोटींचा रस्ता १४३ कोटींच्या वर गेलेला असतो. टोल भरणारे वाढतायत, टोल वाढतोय, आणि फेडायची रक्कमही वाढतेय! वर आणखी एक गंमत. देखभालीवर वारेमाप खर्च केला तर उत्पन्न घटतं, तूट वाढते आणि ती तूट पुढच्या वर्षी भांडवल म्हणून २० टक्के कमावते. काटकसर करायचं कारणच उरत नाही.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६मध्ये हा टोल थांबवला आणि डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. काम देताना स्पर्धात्मक निविदा काढलीच नव्हती, हा मुद्दा त्यात होताच. पण निविदा काढून हेच कलम ठेवलं असतं तरी शेवट वेगळा झाला असता असं मला वाटत नाही.

याच्या बरोबर उलट टोक चिलीत सापडतं. १९९८ साली सांतियागो–वाल्पाराइसो मार्गाच्या लिलावात त्यांनी बोलीदारांना 'किती वर्षं टोल घेणार' असं विचारलंच नाही. आजच्या किमतीत मोजून एकूण किती टोल जमल्यावर रस्ता परत कराल, एवढंच विचारलं. सगळ्यात कमी आकडा सांगेल त्याला काम. गाड्या कमी आल्या तर मुदत लांबते, जास्त आल्या तर लवकर संपते. सरकारला मध्येच रस्ता परत हवा असेल तर राहिलेली रक्कम द्यायची, वाचलेला देखभालखर्च वजा करायचा, विषय संपला. 'कंपनीने केव्हाच वसूल केलेत' विरुद्ध 'आमचे अजून निघायचेत' हा वाद तिथे उद्भवतच नाही, कारण जमा किती झाली याची वही दोघांसमोर उघडी असते.

आता या, बोला. मेट्रो, बंदरं, वीज, सगळं चालेल. फक्त 'सगळे चोर' एवढाच प्रतिसाद नको.

टोलभैरव

सगळे चोर.

(गंमत केली. वाचतोय. डीएनडीचं गणित पहिल्यांदाच कळलं.)

पंचगंगाकाठ

चिलीपर्यंत गेलात आणि आमच्या कोल्हापुरावरनं तसंच पुढं गेलात होय? शहरातले ४९ किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, आणि त्यापायी ३० वर्षं टोल. तोसुद्धा हायवेवर नाही, शहरात शिरायच्या तोंडाला. लागून असलेल्या गावातला माणूस दिवसातनं दोनदा आत-बाहेर करतो. पोराला क्लासला सोडायचं, म्हातारीला दवाखान्यात न्यायचं, मार्केट यार्डात माल टाकायचा, सगळीकडं पावती. दुसरा रस्ताच नाही.

एन. डी. पाटील, गोविंद पानसरे पुढं होते, पण नुसती डाव्यांची चळवळ नव्हती ती. सगळे पक्ष, तालीम मंडळं, व्यापारी, वकील, बायाबापड्या, सगळी रस्त्यावर. जानेवारी २०१४ला नाके पेटले. शेवटी डिसेंबर २०१५ला सरकारनं टोल गेला म्हणून सांगितलं आणि कंपनीचे पैसे सरकारनं भागवायचे ठरलं. साडेचारशे कोटींच्या आसपास. म्हणजे २२० कोटींच्या रस्त्यासाठी दुप्पट पैसे, आणि मधली चार वर्षं मोर्चात गेली ती वेगळीच.

आता तुमच्या सिद्धांताबद्दल. कागद सरळ असता तर कोल्हापूर शांत बसलं असतं असं तुम्हाला वाटतंय का? मला नाही वाटत. लोकांना विचारलंच नव्हतं, हे मूळ दुखणं. महापालिकेत ठराव झाला तेव्हा निम्म्या शहराला पत्ता नव्हता. नाके उभारायला लागल्यावर समजलं. फुकट मिळणारी गोष्ट एका रात्रीत विकत केली तर भडका उडणारच.

घाटवाट

@पंचगंगाकाठ, 'विचारलंच नव्हतं' हे मान्य. पैसे देणाऱ्याची संमती हा तिसरा प्रश्न माझ्या यादीत हवा होता, घालतो.

पण तुमच्याच उदाहरणात माझा दुसरा प्रश्न ठसठशीत दिसतो. टोल घालवायचा हे राजकीयदृष्ट्या बऱ्याच आधी ठरल्यात जमा होतं. अडलं कुठे? द्यायचे किती, इथे. झालेल्या कामाचं मूल्यांकन, त्यावरून वाद, कुठलं काम अपुरं, कुठलं निकृष्ट, गटारं धरायची की नाही. घटस्फोटाच्या अटी भांडण पेटल्यावर लिहायला घेतल्या की असंच होतं. जमा-बाकीची वही आधीपासून असती तर निदान मधला काळ वाचला असता.

लेखाशीर्ष

मी बरीच वर्षं बँकेत प्रकल्पकर्जाच्या फायली तपासल्या आहेत. बँकेचं नाव विचारू नका. पहिल्या प्रश्नावर थोडं आतलं लिहिते.

बीओटी (खासगी कंपनीने बांधायचा, टोल घेऊन चालवायचा, मग सरकारला परत द्यायचा) रस्त्याच्या फायलीत सगळ्यात जाड कागद असतो वाहतूक-अभ्यासाचा. तो करणाऱ्या सल्लागाराची फी कोण देतं? कर्ज मागणारी कंपनी. तो सात दिवस रात्रंदिवस गाड्या मोजतो, ते आकडे बहुधा खरेच असतात. खेळ पुढे सुरू होतो. दरवर्षी वाहतूक किती टक्क्यांनी वाढेल, ही एक्सेलमधली एक चौकट असते. तिथे ५ टाकलं तर कर्जफेडीला पैसे जेमतेम पुरतात. ७ टाकलं की सगळी वर्षं हिरवी दिसतात. आणि ७ का, तर 'देश वाढतोय'. २०१०-११च्या सुमाराला त्या ७ला हरकत घेणारा अधिकारी म्हणजे प्रगतीचा शत्रू.

त्याच काळात किशनगड–उदयपूर–अहमदाबाद या ५५५ किलोमीटरच्या रस्त्यासाठी जीएमआर या कंपनीने सरकारकडून अनुदान मागायच्या ऐवजी उलट सरकारलाच वर्षाला ६३६ कोटी देऊ केले होते, तेही दरवर्षी वाढत जाणारे. काम सुरू व्हायच्या आतच प्रकरण फिसकटलं. अशा बोली लागतात तेव्हा वर्तमानपत्रांत 'सरकारला बंपर फायदा' असं छापून येतं. मी तर म्हणेन, बोली फार चांगली वाटली की आधी घाबरावं.

दुसरी गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही. रस्ता बांधायचं कंत्राट करार घेणारी प्रकल्पकंपनी बहुतेक वेळा आपल्याच बांधकाम कंपनीला देते. त्या बांधकामात नफा असतोच. प्रवर्तकाने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, घातलेलं भांडवल त्या वाटेने दोन-तीन वर्षांत परत आलेलं असतं. मग रस्त्यावर गाड्या येवोत न येवोत, त्याचा जीव त्यात अडकलेला नसतो. अडकतो तो बँकेचा, म्हणजे ठेवीदारांचा. खासगी माणूस स्वतःचे पैसे लावतो म्हणून काळजी घेतो, हे गृहीतक तिथेच गळून पडतं. प्रवर्तकाचे पैसे किती काळ अडकून राहणार, हे माझ्या दृष्टीने घाटवाट यांच्या दोन्ही प्रश्नांपेक्षा मोठं.

निवृत्त_उपअभियंता

सगळे पैशाबद्दलच बोलत आहेत. जमिनीबद्दल कोणीच नाही?

नियम म्हणतो ८० टक्के जमीन ताब्यात आल्यावर काम सुरू करायची तारीख द्या. ऐकायला छान. राहिलेले २० टक्के कुठे असतात ते साइटवर जाऊन बघा. ते कधीही एका टोकाला, सलग नसतात. एक असतो नेमका पुलाच्या जोडरस्त्यावर, तिथे देऊळ. दुसरा बायपासच्या मधोमध, चार भावांच्या सातबाऱ्यावर, त्यातला एक भाऊ कुवेतला. तिसरीकडे पाण्याची मुख्य वाहिनी, ती हलवायची कोणी यावर दोन खात्यांचा तीन वर्षं पत्रव्यवहार. १०० किलोमीटरमधले ९० झाले तरी मधले तुकडे नसतील तर तो रस्ता नव्हे, ती तुकड्यांची गोधडी. कंत्राटदाराची यंत्रं उभी, व्याज चालू. मग तो दावा लावतो आणि तो चुकतो असं म्हणता येत नाही.

संयुक्त मोजणी, निवाडा, मोबदला वाटप ही कामं सरकारशिवाय कोणी करू शकत नाही. ती आधी पूर्ण करून मगच निविदा काढा, इतकं साधं आहे. पण तसं केलं तर भूमिपूजन निवडणुकीनंतर जातं.

अवांतर: मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाला आधी खासगी निविदाच मागवल्या होत्या. रिलायन्सची ३६०० कोटींची बोली युती सरकारने नाकारली आणि रस्ते विकास महामंडळाने कर्जरोखे काढून सुमारे १६०० कोटींत रस्ता केला. हा किस्सा गडकरीसाहेब अजून सांगतात.

घाटवाट

@निवृत्त_उपअभियंता, किस्सा भारी आहेच, पण मला त्याच्या पुढचा भाग जास्त शिकवून जातो. रस्ता सरकारी कर्जातून झाला, आणि मग टोल गोळा करायचे हक्क विकले. २००४ साली जुन्या महामार्गासकट १५ वर्षांसाठी ९१८ कोटींना गेले. २०२० साली १० वर्षांसाठी ८२६२ कोटींना, त्यातले ६५०० कोटी सुरुवातीलाच. दोन्ही वेळा घेणारी कंपनी आयआरबीच.

मधल्या काळात महागाई वाढली, गाड्या वाढल्या, हे खरंच. पण २०२०मध्ये बोली लावणाऱ्याच्या हातात सोळा वर्षांचा खरा हिशेब होता: कुठल्या महिन्यात किती गाड्या, किती ट्रक. लेखाशीर्ष यांच्या त्या एक्सेलच्या चौकटीची गरजच नाही. म्हणून मला वाटतं, जमीन आणि नव्या रस्त्यावर गाड्या येतील की नाही ही धाकधूक सरकारने घ्यावी आणि चालता रस्ता मग खासगीला द्यावा, हा आपल्याकडचा जास्त शहाणपणाचा क्रम. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानेही २०१८मध्ये नऊ रस्त्यांचा पहिला गठ्ठा मॅक्वारी या गुंतवणूक कंपनीला ९६८१ कोटींना असाच दिला.

थेम्सकाठी

इंग्लंडहून. इथलं एक जमलेलं आणि एक फसलेलं.

जमलेलं: डार्टफर्डचा क्वीन एलिझाबेथ दुसरी पूल, १९९१चा. खासगी पैसा, आणि करारात लिहिलेलं की जास्तीत जास्त २० वर्षं किंवा कर्ज फिटेपर्यंत, जे आधी होईल ते. २००३पर्यंतच कर्ज फिटलं आणि पूल सरकारकडे आला. चिलीचीच कल्पना, थोड्या गावठी रूपात. (टोल मात्र आजही आहे. आता त्याचं कारण 'गर्दी आवरण्यासाठी' असं सांगतात. करार संपला म्हणजे पावती संपली, या भ्रमात कोणी राहू नये.)

फसलेलं: लंडनच्या भुयारी रेल्वेची देखभाल. मेट्रोनेट नावाची कंपनी २००७मध्ये कोसळली. कर्जाच्या ९५ टक्क्यांची हमी सरकारी होती, त्यामुळे सावकारांना झळ लागली नाही, करदात्याला लागली. आणि लेखाशीर्ष म्हणतात तेच, मेट्रोनेटचे मालकच तिचे मोठे कंत्राटदारही होते.

१९९२ला सुरू केलेली ही सगळी खासगी वित्तपुरवठ्याची पद्धत नव्या कामांसाठी २०१८मध्ये बंदच केली. शाळा-इस्पितळं बांधायची आणि देणं सरकारच्या कर्जात दिसू द्यायचं नाही, हा तिचा मोठा आकर्षणबिंदू होता. हप्ते मात्र अजून चालू आहेत.

उद्योजक७२

म्हणजे सरकारनेच सगळं करावं असा सूर लागतोय. न्हावा-शेवा आठवा. १९९७ला पी अँड ओ कंपनीला टर्मिनल दिलं ३० वर्षांसाठी, देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल. त्याआधी माल निर्यात करणाऱ्यांनी काय भोगलंय ते मला विचारा. जहाज बाहेर उभं, माल यार्डात, क्रेन बंद. खासगी आल्यावर वर्षभरात चित्र पालटलं.

घाटवाट

@उद्योजक७२, शंभर टक्के मान्य, आणि ते का जमलं तेही बघा. मालाची रांग आधीच लागलेली होती, म्हणजे गिऱ्हाईक येईल का हा प्रश्नच नव्हता. बंदर, जमीन, जहाजांचा मार्ग सरकारने दिलेला. कंपनीकडे राहिलं तिला येतं तेच काम: क्रेन आणि वेग. आणि पुढे २००६ला शेजारीच मर्स्कचं टर्मिनल उभं राहिलं, त्यामुळे दोघांनाही झोपायची सोय उरली नाही. शहरातल्या रस्त्याला किंवा मेट्रोला शेजारी दुसरी नसते, तिथे हा धाक आणायचा कुठून?

वर्सोवाकर

मुंबईची मेट्रो वन विसरू नका. रोज वापरते, माझं आयुष्य सोपं झालं त्यामुळे. वर्सोवा–घाटकोपर ११.४ किलोमीटर, रस्त्याने पावसात दीड तास लागायचा. गर्दी भरपूर, गाड्या वेळेवर. मग तरी ही कंपनी कायम तोट्यात का रडते? २०२४ला सरकार ४००० कोटींना विकत घेणार होतं, मग तेही फिसकटलं.

घाटवाट

@वर्सोवाकर, त्यात दोन कागदांचं भांडण आहे. २००७च्या करारात सुरुवातीचं भाडं ९, ११, १३ रुपये असं बसत होतं. जून २०१४ला मेट्रो सुरू होताना कंपनी म्हणाली, केंद्राच्या मेट्रो कायद्यानुसार पहिलं भाडं ठरवायचा अधिकार आमचा, आणि १० ते ४० जाहीर केलं. करार देणारं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) न्यायालयात. भाडेनिश्चिती समितीने २०१५मध्ये थेट ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली, ती उच्च न्यायालयाने २०१७मध्ये रद्द केली. शिवाय खर्च करारातल्या २३५६ कोटींवरून ४३२१ कोटींवर गेला असं कंपनी म्हणते, एमएमआरडीएला ते मान्य नाही. आणि गंमत बघा, त्याच कंपनीत एमएमआरडीएचा २६ टक्के वाटा आहे!

म्हणजे प्रवासी कमी पडले म्हणून हे अडलेलं नाही. भाडं कोण ठरवणार याचं उत्तर दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलं होतं.

निवृत्त_उपअभियंता

आणि असं काही निघालं की दुरुस्ती कोण करणार? करारात बदल सुचवणाऱ्या फायलीवर सही करणारा अधिकारी दहा वर्षांनी चौकशीला जातो. त्यापेक्षा लवादात जाऊ दे, हरलो तर 'लवादाने सांगितलं' म्हणून पैसे देता येतात. विजय केळकर समितीने २०१५च्या अहवालात हेच मांडलं होतं: प्रामाणिक चूक आणि भ्रष्टाचार वेगळे धरा, आणि फेरवाटाघाटीची सोय करारातच ठेवा.

पंचगंगाकाठ

फेरवाटाघाटीची सोय म्हटलं की दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्प आठवतोय बघा. ९५ला रद्द, ९६ला नवा करार, ९९ला वीज, २००१ला खरेदी बंद. फेरवाटाघाटी झाल्या तरी डॉलरचा बोजा आपल्याच वीज मंडळाच्या डोक्यावर राहिला. तेव्हा नुसती सोय असून काय उपयोग, टेबलाच्या पलीकडं कोण बसलंय तेही बघायला पाहिजे.

बाकी घाटवाट, एक सांगा. हल्लीच्या रस्त्यांच्या करारात ती मोडायची रक्कम लिहिलेली असते का नसते?

लेखाशीर्ष

मी सांगते. महामार्गांच्या नमुना बीओटी करारात असते. सरकारच्या चुकीने मोडला तर राहिलेलं सगळं कर्ज अधिक समायोजित (महागाई वगैरे धरून मोजलेल्या) भांडवलाच्या दीडपट. कंपनीच्या चुकीने मोडला तरी, रस्ता सुरू झालेला असेल तर, कर्जाच्या ९० टक्के सरकार देतं, विम्याचे पैसे वजा करून.

आता हा दुसरा आकडा परत वाचा आणि सांगा, ती ७ची चौकट बघून आमच्या कर्जसमितीत कोणाला घाम का फुटत नव्हता.